आढ्याखालची ओल : मुळशी खोऱ्यांतील छपरांचा इतिहास

किल्ले, वाडे आणि देवळें यांच्या इतिहासावर आपल्या भाषेंत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु सामान्य माणूस ज्या छपराखालीं जन्मतो, निजतो आणि मरतो त्या छपराच्या इतिहासाकडे अभ्यासकांचें लक्ष क्वचितच गेलें आहे. वस्तुतः एखाद्या प्रदेशाचें हवामान, तेथील लोकांची सांपत्तिक स्थिति, त्यांचें जळण आणि बाहेरच्या बाजारपेठेशीं त्यांचा संबंध, या सर्वांची नोंद छपरांत जितकी स्पष्ट उमटते तितकी दुसऱ्या कशांत उमटत असेल असें वाटत नाहीं. पुणें जिल्ह्याच्या पश्चिम अंगास असलेल्या मुळशी तालुक्यांतील घरांविषयीं आम्ही आज जें लिहिणार आहों तें याच दृष्टीनें. निमित्त मात्र अगदीं साधें आहे. या खोऱ्यांत अलीकडे बांधलेल्या घरांत, मग तें गांवकऱ्याचें पत्र्याचें घर असो कीं पुण्यामुंबईच्या गृहस्थाचा सुटीचा बंगला असो, छताच्या लगत ओल येते, कोपऱ्यांतून काळे ठिपके पसरतात, आणि कित्येकदां पावसाचा टिपूसही नसतां वरून थेंब पडतात. घरधनी यास गळती म्हणतो व गवंड्यास बोलावतो. गवंडी वरून डांबर किंवा रसायनाचा लेप देतो. आणि पुढच्या वर्षीं ओल पुन्हां जागच्या जागीं हजर होते.

असें कां व्हावें? आमचें उत्तर असें कीं, ज्यास आपण गळती या एकाच शब्दानें ओळखतों त्यांत तीन निरनिराळ्या वाटांनीं आलेलें पाणी असतें, आणि त्यांपैकीं एका प्रकारच्या पाण्याचा जन्म घराबाहेर होत नसून घरांतच होतो. हें घरांत जन्मणारें पाणी जुन्या घरांतही होतें. परंतु थेंब होऊन तें खालीं पडण्यापूर्वींच त्याची वाट लावण्याची सोय त्या घरांत होती. ती सोय कोणती होती आणि ती कशी गेली, हें समजल्यावांचून आजच्या ओलीचें निदान होणें कठीण आहे. आणि निदान चुकलें म्हणजे औषधानेंच रोग बळावतो, हें वैद्यकाप्रमाणें घरबांधणीसही लागू आहे.

प्रथम प्रदेशाचा विचार करूं. मुळशी तालुक्याचें मुख्य ठिकाण पौड. पुण्याहून पौडावरून ताम्हिणी घाटाकडे जाऊं लागलें म्हणजे पन्नास-साठ किलोमीटरांच्या अंतरांत पावसाचें मान इतकें बदलतें कीं, हा एकच जिल्हा आहे यावर विश्वास बसूं नये. पुणें शहरांत वर्षाकांठीं सरासरीनें ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावर तोच पांच-सहा हजार मिलिमीटरांच्या घरांत जातो. परंतु छपराच्या दृष्टीनें पावसाच्या मोजमापाहून दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्येष्ठाच्या अखेरीपासून भाद्रपदापर्यंत घाटमाथ्याजवळची हवा बाष्पानें जवळजवळ तुडुंब भरलेली असते. ढग दारांतून आंत येतात, वाळत घातलेला कपडा चार दिवस वाळत नाहीं आणि मिठाच्या बरणींत पाणी सुटतें. याच्या उलट कार्तिकापासून माघापर्यंत आकाश निरभ्र असतें, वारा पडलेला असतो आणि डोंगरावरची थंड हवा रात्रीं उतरून खोऱ्यांत सांचते. म्हणजे येथील छपराला वर्षांतून दोन परीक्षा द्याव्या लागतात: एक पावसाची, दुसरी निरभ्र थंड रात्रीची. पहिली सर्वांच्या ध्यानांत असते. दुसरी ध्यानांत राहत नाहीं, आणि घोटाळ्याचें मूळ पुष्कळ अंशीं तेथेंच आहे.

या दोन्ही परीक्षांस जुनें मावळी घर कसें उतरत असे तें पाहूं. कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावर शेणमातीचा गिलावा, ही भिंत. मध्यभागीं आढें, आढ्यावरून दोहों बाजूंस उतरणारे वासे, वाशांवर बांबूच्या कामट्या आणि त्यांवर भाताच्या पेंढ्याचा किंवा डोंगरी गवताचा जाड थर, हें छप्पर. हें खोरें आंबेमोहोर भाताबद्दल प्रसिद्ध. तेव्हां पेंढ्याला तोटा नव्हता. छपराचा उतार चांगला उभा आणि वळचण इतकी खालीं आणलेली कीं आंत शिरतांना वांकावें लागे. ज्याची ऐपत असे त्याच्या घरावर कुंभारानें चाकावर घडविलेलीं नळीचीं कौलें चढत. पावसापूर्वीं छप्पर शाकारणें हें वर्षाचें ठरलेलें काम असे. घराच्या आंत, डोक्यावर, बांबूच्या तट्ट्यांचा किंवा फळ्यांचा पोटमाळा. त्यावर बियाणें, सरपण, शेतीचीं अवजारें. आणि या सर्वांच्या खालीं चूल. चुलीला धुराडें नसे. धूर माळ्याच्या फटींतून वर जाई, आढ्याखालीं घोटाळे आणि पेंढ्यांतून किंवा कौलांच्या सांध्यांतून हळूहळू बाहेर पडे.

या रचनेंत ओलीच्या चार प्रतिबंधांची योजना होती. पावसाळ्यांत चूल बहुधा विझत नसल्यामुळें आढ्याखालची हवा आणि छपराची आंतली बाजू बाहेरच्या हवेहून ऊन राही, हा पहिला. पेंढ्याच्या पोकळ काड्यांत हवा कोंडलेली असल्यामुळें बाहेरचा गारवा आंतल्या बाजूस पोंचत नसे, हा दुसरा. उष्ण हवा धुरासह वर जाऊन बाहेर पडे व तिच्याबरोबर माणसांच्या श्वासाचें, शिजणाऱ्या अन्नाचें आणि ओल्या घोंगड्यांचें बाष्प निघून जाई; हा तिसरा. आणि एवढें होऊनही जें बाष्प उरे तें माती, लांकूड, पेंढा व कच्चें भाजलेलें कौल हीं शोषून घेत आणि ऊन पडलें कीं परत देत, हा चौथा. धुराच्या काजळीमुळें बांबूला कीड लागत नसे, हा लाभ वेगळाच. अशी योजना कोणा एका शिल्पज्ञानें आखली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडताळ्यांतून ती ठरत गेली होती.

येथें एका गैरसमजास जागा राहूं नये म्हणून लगेच सांगतों कीं, जुन्या घराचा उदोउदो करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या घराची किंमत कोणीतरी देत होतें, आणि ती मुख्यतः स्त्रिया देत होत्या. धुरानें गळणारे डोळे, जुनाट खोकला आणि छातीचे विकार हे त्या ऊबदार आढ्याचेच सोबती होते. एका ठिणगीनें सबंध वाडी जळून जाण्याचें भय उन्हाळाभर असे. दरवर्षीं शाकारणीचे श्रम करावे लागत, आणि ज्या वर्षीं पेंढा गुरांनाच पुरत नसे त्या वर्षीं छप्पर उपाशी राही. अशा घरांतून सुटण्याची इच्छा लोकांना झाली यांत नवल नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, सुटतांना काय मागें टाकलें जात आहे याची नोंद कोणीं ठेवली नाहीं.

या खोऱ्याच्या इतिहासांत नोंदी बुडाल्याचा एक प्रसंग तर अक्षरशः घडला आहे. मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून तें पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खालीं कोंकणांत भिऱ्याकडे सोडावें आणि त्यावर मुंबईसाठीं वीज निर्माण करावी, ही टाटा कंपनीची योजना पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आकारास आली. सुमारें पन्नास गांवांच्या जमिनींवर गंडांतर आलें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रहास आरंभ केला. पुढें त्याचें नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांजकडे आलें आणि 'सेनापती' ही त्यांची पदवी याच लढ्याशीं कायमची जोडली गेली. जमीन सोडण्यापेक्षां प्राण देऊं, असा सत्याग्रहींचा पण होता. १९२४ पर्यंत लढा विझला, आणि १९२७ मध्यें धरण पुरें होऊन खोरें जलमय झालें. या लढ्याचा इतिहास विनायकराव भुस्कुटे यांनीं आणि आपल्या काळांत राजेंद्र व्होरा यांनीं लिहिला आहे. तो वाचतांना एक गोष्ट जाणवते. त्या वादाचा मध्यबिंदु जमीन हा होता: तिचा भाव, तिचा कस, तिच्यावरचा सावकाराचा व कुळाचा हक्क. तें स्वाभाविकच होतें. कारण भातखाचर गेल्यावर मावळ्याला दुसरा आधार नव्हता. परंतु खाचरांबरोबर गांवठाणेंही गेलीं, आणि घर हें त्या हिशेबांत दगड, लांकूड व कौलें यांची किंमत एवढ्यापुरतेंच उरलें. तें घर त्या जागीं तसेंच कां बांधलें होतें, या ज्ञानाचें मूल्य कोणत्या खात्यांत लिहावयाचें?

तलावाच्या कांठच्या घरांत ओल दिसली कीं ती धरणाच्या पाण्यामुळें आली, असें निदान पुष्कळदां ऐकूं येतें. धरणानें या लोकांचें जें हिरावून घेतलें त्याची यादी मोठी आहे. परंतु छताची ओल तिच्यांत घालणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. पावसाळ्यांत अरबी समुद्रावरून येणारा वारा घाट चढतांचढतांच बाष्पानें भरून जातो. त्यास तलावाकडून उसनें घेण्याची गरज उरत नाहीं. थंडींत तलावावर धुकें धरतें व कांठची हवा कांहींशी दमट राहते हें खरें. पण त्याच कांठावरच्या पेंढ्याच्या गोठ्यांत थेंब पडत नाहींत आणि शेजारच्या पत्र्याखालीं पडतात, हा भेद तलावानें उलगडत नाहीं. तो छपरानेंच उलगडतो.

तेव्हां छपरें कशीं बदललीं तें पाहणें प्राप्त आहे. पहिला बदल मंगलोरी कौलांचा. बाझेल मिशननें १८६५ मध्यें मंगळूरजवळ जेप्पू येथें कौलांचा कारखाना काढला, आणि यंत्रानें दाबलेलीं, एकमेकांत अडकणारीं तीं कौलें गलबतांतून मुंबईपर्यंत व पुढें रेल्वेनें घाटावर येऊं लागलीं. नळीच्या कौलांहून हीं हलकीं बसत, दरवर्षीं चाळावीं लागत नसत आणि वानरांच्या उड्यांनीं सहसा विसकटत नसत. त्यांच्या सांध्यांतूनही हवा खेळते. यास्तव मंगलोरी कौलाच्या घरांत ओलीची तक्रार फारशी होत नसे. हा बदल सौम्य होता.

दुसरा बदल पन्हळी पत्र्याचा. हा मात्र जहाल होता. लोखंडी पत्र्यास पन्हळी पाडून तो ताठ करण्याचें पेटंट हेन्री रॉबिन्सन पामर या इंग्रज अभियंत्यानें १८२९ मध्यें घेतलें. त्यावर जस्ताचा मुलामा देऊन गंज टाळण्याची युक्ति सोरेल या फ्रेंच गृहस्थानें १८३७ मध्यें पेटंट केली. या दोन युक्त्यांच्या संयोगानें जगांतील गरिबांना एक नवें छप्पर मिळालें. पत्रा जळत नाहीं, कुजत नाहीं, दोन माणसें एका दिवसांत चढवूं शकतात, आणि घर सोडतांना तो काढून नेतां येतो. विस्थापितास याहून सोयीचें छप्पर कोणतें? परंतु पेंढ्याच्या मानानें लोखंडांतून उष्णता शेंकडों पटींनीं सहज वाहते. पत्र्याची आंतली बाजू म्हणजे व्यवहारतः बाहेरचीच बाजू. शिवाय तो पाण्याचा एक थेंबही शोषीत नाहीं. जुन्या छपराच्या चार प्रतिबंधांपैकीं दोन येथें एकदम नाहींसे झाले.

तिसरा बदल सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबचा. मोनिये नांवाच्या फ्रेंच बागवानानें १८६७ मध्यें कुंड्यांसाठीं लोखंडी जाळीच्या सिमेंटचें पेटंट घेतलें, त्याचा हा वंशविस्तार. गेल्या तीस-चाळीस वर्षांत पुणें पश्चिमेस वाढत गेलें, याच तालुक्यांतील हिंजवडीस संगणकाच्या कंपन्यांचें नगर उभें राहिलें, आणि तलावाच्या भोंवतालच्या उतारांवर सुटीचे बंगले दिसूं लागले. स्लॅब जाड व जड असल्यामुळें एकदां थंड झाला कीं लवकर ऊन होत नाहीं. आणि त्यास फटी नसल्यामुळें, नव्हे, फट नसणें हाच त्याचा अभिमान असल्यामुळें, वर चढलेल्या बाष्पास बाहेर जाण्यास वाट उरत नाहीं. म्हणजे तिसरा प्रतिबंधही गेला.

आणि पहिला, म्हणजे चुलीच्या उबेचा? तो छपरामुळें गेला नाहीं, जळणामुळें गेला. १९८० नंतरच्या दशकांत सुधारलेल्या चुलींचा सरकारी प्रसार झाला, २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें गॅस खेड्यांत पोंचविला. स्त्रियांच्या डोळ्यांचें व छातीचें भलें झालें, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु धूर गेला म्हणजे बाष्पही गेलें असें नाहीं. एक किलो गॅस जळला म्हणजे सुमारें दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. धुराचा त्रास नसल्यामुळें ती बाहेर घालविण्याची निकड कोणास वाटत नाहीं, आणि ती डोळ्यांना दिसतही नाहीं.

या ठिकाणीं शास्त्राकडे वळणें भाग आहे. दव आकाशांतून पडतें, अशी समजूत युरोपांतही दीर्घकाळ होती. तिला निर्णायक धक्का विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या वैद्यानें १८१४ च्या आपल्या दवावरील निबंधानें दिला. त्याचीं साधनें पाहून हंसूं येईल: सारख्या वजनाचे लोकरीचे पुंजके, एक फळी आणि तराजू. फळीच्या वर ठेवलेल्या पुंजक्यांवर पुष्कळ दव धरलें, खालीं बांधलेल्यांवर थोडें. मोकळ्या आकाशाखालीं असलेली वस्तु आपली उष्णता आकाशाकडे फेंकून भोंवतालच्या हवेहूनही थंड होते, आणि मग तिला स्पर्श करणाऱ्या हवेंतील बाष्पाचें तिच्यावर पाणी होतें. दवामुळें वस्तु थंड होते असें नव्हे. ती आधीं थंड होते, म्हणूनच दव धरतें.

आतां हेंच पत्र्यास लावून पाहूं. २० अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत जास्तींत जास्त १७ ग्रॅम बाष्प राहूं शकतें. १० अंशांवर ९ ग्रॅम. मार्गशीर्षाची निरभ्र रात्र आहे. खोलींत २० अंश उष्णता व घनमीटरास १३ ग्रॅम बाष्प आहे. बाहेर १२ अंश असतील तर आकाशाकडे तोंड करून असलेला पत्रा त्याहूनही दोन-चार अंशांनीं खालीं उतरतो. आंतील हवा त्यास लागली कीं घनमीटरामागें तीन-चार ग्रॅम पाणी पत्र्यावर सोडणें तिला प्राप्तच आहे. निजलेला माणूस श्वासानें व त्वचेनें तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी हवेंत सोडतो. चार माणसें आठ तास निजलीं म्हणजे हें सव्वा ते दीड लिटर झालें. पहाटे पांघरुणावर पडणारे थेंब येतात ते येथून. पावसाळ्यांत कारण थोडें निराळें, पण न्याय तोच: पावसानें धुतलेला पत्रा २२ अंशांवर असतो आणि आंत ओले कपडे, स्वयंपाक व माणसें यांमुळें २५ अंशांची हवा बाष्पानें नव्वद टक्के भरलेली असते, अशा हवेचें पाणी २३ अंशांवरच होऊं लागतें. बाहेर पाऊस चालू असल्यामुळें या थेंबांस गळती समजणें अगदीं सोपें जातें.

येणेंप्रमाणें तीन पाण्यांची ओळख सांगतां येते. पहिली खरी गळती. ती पावसाबरोबर येते व पाऊस थांबल्यावर लवकरच थांबते; तिचा डाग एका ठिकाणीं असून त्यास पिवळसर-तांबूस कड असते, कारण वरून येतांना पाणी धूळ व लांकडाचा रंग घेऊन येतें. डागाच्या नेमकें वर भोंक असेलच असें नाहीं. पाणी वाशावरून किंवा रिपेवरून हातदोन हात वाहून मग पडतें. दुसरी झिरप. ती भिंत व स्लॅब यांच्या सांध्यांतून, गच्चीच्या कठड्याच्या बुडाशीं किंवा वाऱ्याच्या तोंडावरील भिंतींतून येते. पाऊस लागून राहिल्यावर उशिरा दिसते, पाऊस गेल्यावरही कित्येक दिवस राहते, आणि तिच्या मागें पांढरा लोणा फुलतो. आडव्या पावसाचें हें भय जुन्या लोकांस ठाऊक होतें. महाबळेश्वरास पावसाळ्यापूर्वीं घरांच्या भिंती गवतानें झांकून घेण्याची वहिवाट होती ती याचसाठीं. तिसरें घरांतलें दव. त्यास एक जागा नसते, तें पसरतें. तें थंड जागा शोधतें: पत्र्याच्या खिळ्यांचीं डोकीं, तुळयांच्या रेषा, बाहेरच्या दोन भिंती जेथें छताला मिळतात तो कोपरा, कपाटाची पाठ. तें पहाटे अधिक असतें, पाऊस नसतांही येतें, त्यास रंगीत कड नसते, लोणा नसतो. मागें राहते ती काळी ठिपकेदार बुरशी.

संशय राहिल्यास एक परीक्षा कोणासही करतां येईल. ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाचा वीतभर चौकोन ओलसर छतावर चारी कडांनीं चिकटवून एकदोन दिवस ठेवावा. वर्खाच्या खोलीकडील बाजूस पाणी धरलें तर तें हवेंतून आलें; छताकडील बाजूस धरलें तर तें छतांतून आलें. दोहोंकडे धरलें तर दोन्ही कारणें आहेत, आणि तसें पुष्कळदां असतें. याच्या जोडीला एक वही ठेवावी: ओल दिसल्याचा दिवस, वेळ, पाऊस होता कीं नाहीं, घरांत कोण होतें, काय शिजत होतें, आंतबाहेरची उष्णता व आर्द्रता किती. एका ऋतूची अशी नोंद कोणत्याही लेपाहून अधिक उपयोगी पडते.

लेपाविषयीं विशेष सावध राहिलें पाहिजे. गळतीवर लेप हें योग्य औषध आहे. परंतु रोग दवाचा असतां वरून डांबर चढविलें तर आंतल्या दवास कांहींच बाधा येत नाहीं. उलट स्लॅबनें आंतून शोषलेलें पाणी वर सुकून जाण्याची जी थोडी वाट होती ती बुजते. नव्या बंगल्यांत तर हा धोका अधिक. काँक्रीटमध्यें कालविलेलें पाणी सुकण्यास कित्येक महिने लागतात, आणि वैशाखांत पुरा झालेला बंगला ज्येष्ठांत वरखालीं लेपून बंद केला कीं तें पाणी घरांतच कोंडतें. त्यांत बंगला आठवड्यांतले पांच दिवस कुलुपांत असला म्हणजे बुरशीला रान मोकळें मिळतें.

हा झगडा केवळ आपल्याकडचाच आहे असें नाहीं. अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत लांकडी घरांना उष्णतारोधक थर देऊं लागले, तेव्हां पोटमाळ्यांत बर्फ धरूं लागला व बाहेरचा रंग पोपडे होऊन सुटूं लागला. रंगारी थराला दोष देत, थर विकणारे रंगाऱ्याला. मिनेसोटा विद्यापीठाच्या फ्रँक राउली यांनीं प्रयोग करून पाणी घरांतील बाष्पाचेंच आहे असें दाखविलें. त्यावरून आंतल्या बाजूस बाष्परोधक पडदा लावावा व पोटमाळ्यास छताच्या क्षेत्राच्या तीनशेंव्या भागाइतकी हवेची वाट ठेवावी, असे नियम १९४२ पर्यंत सरकारी कागदांत शिरले. ते नियम तेथील कडक थंडीसाठीं ठीकच होते. परंतु आपल्याकडील बांधकामाच्या पुस्तकांतून ते जसेच्या तसे उचलले जातात तेव्हां विपरीत घडतें. मिनेसोटांत बाहेरची हवा थंड आणि म्हणूनच कोरडी असते. ती आंत घेतली कीं घर सुकतें. मुळशींत श्रावणांतली बाहेरची हवा स्वतःच ओली असते. खिडक्या उघड्या टाकून घर सुकत नाहीं. आणि ज्या बंगल्यांत यंत्रानें हवा थंड करतात त्यांत तर बाष्पाची दिशाच उलटते. तें बाहेरून आंत येतें व थंड केलेल्या छताच्या पाठीवर, माणसाच्या नजरेआड, पाणी होऊन सांचतें. नियम मागविण्यापूर्वीं ऋतु पाहावा, हें येथें विसरून चालत नाहीं.

मग करावें काय? जुन्या घरानें जें केलें तेंच, परंतु धुरावांचून. पृष्ठभाग ऊन ठेवावा: पत्र्याला खालून चिकटून, मध्यें पोकळी न ठेवतां, उष्णतारोधक थर द्यावा, स्लॅब असेल तर तो थर वरून द्यावा, म्हणजे सबंध स्लॅब घराच्या उबेंत येतो. बाष्प जेथें उत्पन्न होतें तेथूनच बाहेर घालवावें: गॅसच्या वर पंखा, न्हाणीघरास पंखा, आणि ओले कपडे निजण्याच्या खोलींत वाळत घालूं नयेत. आढ्याशीं, पाऊस शिरणार नाहीं अशी, हवेची वाट ठेवावी. थंडींत ती विशेष कामास येते. भिंतींना चुन्यामातीसारखा शोषणारा गिलावा असावा. चकचकीत तैलरंगानें सर्व अंग बंद करूं नये. या सर्वांत नवें असें कांहींच नाहीं; चार प्रतिबंधांचीच ही पुन्हां मांडणी आहे. गांवकऱ्याच्या पत्र्याच्या घरांत जाड थर परवडत नसेल तर पत्र्याखालीं बांबूच्या तट्ट्यांवर पेंढ्याचा किंवा गवताचा थर देण्याची रीत आहे. ती मागासलेपणाची खूण समजून टाकून देऊं नये, चूल व विजेच्या तारा मात्र त्यापासून दूर असाव्या.

आम्हांस शेवटीं एवढेंच सांगावयाचें आहे कीं, छताजवळच्या ओलीचा प्रश्न क्षुल्लक नाहीं. बुरशीच्या खोलींत निजणाऱ्या मुलाचा दमा क्षुल्लक नाहीं, आणि चुकीच्या लेपावर दरवर्षीं कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याचा खर्चही क्षुल्लक नाहीं. मुळशीच्या तलावाखालीं जीं गांवठाणें गेलीं त्यांच्या घरांचें मोजमाप आतां घेतां येणार नाहीं. परंतु कांठावरच्या वाड्यांवर, डोंगराच्या पोटांत, कारवीच्या कुडाचीं व पोटमाळ्याचीं कांहीं घरें अजून उभीं आहेत, आणि तीं शाकारणारे हातही सगळेच गेलेले नाहींत. स्थापत्य शिकविणाऱ्या पुण्याच्या संस्था येथून तासा-दोन तासांच्या वाटेवर आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनीं एका पावसाळ्यांत व एका थंडींत या घरांत उष्णतामापक व आर्द्रतामापक टांगून ठेवावे, वाशांचा उतार, पेंढ्याची जाडी, फटींचें माप लिहून घ्यावें, आणि शाकारणाऱ्या म्हाताऱ्यांशीं बसून त्यांचे शब्द टिपावे. हें काम दहा वर्षांनीं करूं म्हटलें तर त्या वेळीं मोजण्यास कांहीं उरेल अशी खात्री नाहीं.